अर्धं पाऊल डावीकडे

"साडूभाऊ, अर्धं पाऊल डावीकडे. अहो, तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडे!"

मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याच्या मागच्या दारात मी उभा होतो. माझ्या पाठीमागे ऊन, दगडी पायऱ्या, अर्धचंद्रासारखा वळलेला घाट आणि कृष्णेचं संथ पाणी. माझ्या पुढ्यात वाड्यातला थंडगार अंधार, आणि त्या अंधारात जमिनीवर पालथे पडलेले आमचे साडू. त्यांच्या मागे कोल्हापूरकडचं एक सात-आठ जणांचं कुटुंब खोळंबलं होतं. त्यांना माझ्या दारातून घाटावर उतरायचं होतं. साडूंच्या अंगावरून ओलांडून जावं की जाऊ नये, यावर त्यांच्यात हळू आवाजात चर्चा चालली होती. शेवटी त्यांच्यातल्या आजीबाईंनी "कुणी पडलंय का हो?" असं विचारलं, तेव्हा साडूंनी पालथ्या अवस्थेतच हात वर करून आपण सुखरूप असल्याचं कळवलं.

साडू निवृत्त झाले आणि मुलाने त्यांना परदेशातून कॅमेरा पाठवला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. वर्षभर त्यांनी त्यावर जास्वंद, मांजर आणि पौर्णिमेचा चंद्र एवढंच टिपलं. त्याचा कुणाला त्रास नव्हता. मग कुठल्याशा कार्यशाळेत लागोपाठ दोन रविवार ते जाऊन बसले आणि तिथून 'चौकटीत चौकट' हा मंत्र घेऊन आले. फोटोला चार कडा असतातच, पण आतल्या विषयालाही आणखी एक चौकट द्यायची. दार, खिडकी, कमान, पुलाखालचा बोगदा, वडाच्या पारंब्या, दोन खडकांमधली फट, मिळेल ते. बघणाऱ्याची नजर इकडेतिकडे भटकत नाही, नेमकी विषयावर जाते. शिवाय जवळ काहीतरी, मध्ये विषय, लांब काहीतरी, असे तीन थर पडले की सपाट कागदाला खोली येते. मंत्र चांगला आहे. फक्त त्याला आत बसवायला एक विषय लागतो. ताईंनी, म्हणजे साडूंच्या बायकोने, पहिल्याच आठवड्यात "मला कामं आहेत" म्हणून अंग काढून घेतलं. जास्वंद कमानीत जाऊन उभी राहत नाही, मांजर सांगून ऐकत नाही. राहता राहिलो मी.

मेणवलीला आम्ही गेलो होतो ते खरं म्हणजे घंटा बघायला. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या. त्यांतली एक मेणवलीच्या घाटावर देवळाशेजारी टांगलेली आहे आणि तिच्यावर चक्क बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. 'स्वदेस' चित्रपटाचं चित्रीकरणही याच घाटावर झालं, त्यामुळे येणारे निम्मे लोक शाहरुख खान कुठे उभा होता ते विचारतात. ती घंटा मी बघितली, पण दुपारी दोन वाजता. तोवर मी दारात होतो.

"आता जरा फुगून उभे राहा," साडू म्हणाले.

"फुगून म्हणजे?"

"नेहमी राहता तसेच. बाहेर डाव्या हाताला फ्लेक्स आहे. तुम्ही अजून अर्धं पाऊल सरकलात की बरोब्बर झाकला जातो."

मी वळून बघितलं. बाहेर खरंच कुणा भावी नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. गॉगल, कानाला मोबाइल, खाली चाळीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे चेहरे. त्याच्या अलीकडे तीन मोटरसायकली आणि एक पाण्याची बाटली. मोटरसायकली दाराच्या जाड लाकडी खांबाने आधीच गिळल्या होत्या. बाटली उंबऱ्याने. फ्लेक्सचं काम माझ्या पोटाकडे आलं होतं.

त्या क्षणी मला या चौकटीचं मर्म कळलं, ते कार्यशाळेत बहुधा सांगत नसावेत. चौकट शोधायची ती झाकायला. आपल्या देशात कुठलीही सुंदर वस्तू एकटी नसते. तिच्याशेजारी विजेचा खांब असतो, निळी ताडपत्री असते, रसवंती असते, 'येथे लघवी करू नये' अशी पाटी असते आणि पाटीखाली तिची अवज्ञा असते. वाड्याचं एक दार हे सगळं एका फटक्यात पुसून टाकतं. वडाची एक पारंबी अख्खा मोबाइल टॉवर खाते. पर्यटन खात्याच्या पत्रकांतला निसर्ग एवढा निर्मळ दिसतो, तो अशाच चौकटींच्या कृपेने.

तसा हा उद्योग आपल्याला नवा नाही. पंगतीत पानाभोवती रांगोळीची महिरप काढतात, त्याने वरणाची चव बदलत नाही. पण पान कसं बसल्यासारखं दिसतं, आणि शेजारच्याचं सांडलेलं ताक नजरेआड होतं. पणतीला कोनाडा, मूर्तीला प्रभावळ, गणपतीला मखर. मखराशिवाय गणपतीचा फोटो कुणी काढत नाही, कारण मखरामागे आमच्याकडे कपाट आहे आणि कपाटावर जुनी सूटकेस, तिच्यावर इस्त्रीचं टेबल. नवरदेव एरवी चारचौघांसारखा असतो, पण मुंडावळ्यांच्या दोन लडींमध्ये आला की त्याच्या चेहऱ्याला उगाच काहीतरी गांभीर्य येतं. अंतरपाट म्हणजे तर शटर. क्षणभर उघडतं, आणि जे टिपलं गेलं ते गेलं.

आमच्या आईवडिलांचा लग्नानंतरचा एकुलता एक फोटो तालुक्याच्या गावच्या स्टुडिओतला. मागे पडद्यावर रंगवलेला राजवाड्याचा जिना, एका बाजूला प्लास्टरचा खांब, दुसऱ्या बाजूला मखमली पडदा आणि तिवईवर टेलिफोन. टेलिफोनला वायर नव्हती. गावातही नव्हती. पण त्या खांब-पडद्याच्या मध्ये आमचे वडील असे बसले आहेत, की पलीकडून आता गव्हर्नरचा फोन येणार. स्टुडिओवाल्याने पडद्याची कड जरा अलीकडे ओढली होती. ती पलीकडे असती तर भिंतीला टेकवलेली त्याची सायकल दिसली असती. हे मला पुढे खुद्द आईनेच सांगितलं.

हल्ली हळदीला थर्मोकोलच्या पोकळ चौकटी मिळतात. वर 'मुलीची मावशी' असं लिहिलेलं असतं, आणि माणसं ती स्वतःच्याच हातांनी स्वतःच्या तोंडाभोवती धरून उभी राहतात. नगरपालिकांनी चौकाचौकांत लोखंडी हृदयं उभारली आहेत, त्यांत बसून जोडपी फोटो काढतात आणि ती उठली की भटकी कुत्री सावलीला बसतात. या दोन्ही प्रकारांबद्दल माझं मत चांगलं नाही. चौकट सापडावी लागते. हातात धरून हिंडायची ती पाटी.

असो. मेणवलीचा पहिला फोटो साडूंनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. घाट सुरेख होता. दारात डांबराचा एक पुतळा उभा होता.

"हा मी?"

"सिल्हूट," साडू म्हणाले.

चेहरा आला नाही की त्याला सिल्हूट म्हणायचं, ही सोय छायाचित्रकारांनी फार विचारपूर्वक करून ठेवली आहे. पण यात कॅमेऱ्याचाही दोष नव्हता. त्या बिचाऱ्याला अंधार आणि ऊन वेगळं कळत नाही. समोरचं सगळं एकत्र कालवून त्याची सरासरी करडी यावी, एवढंच त्याला शिकवलेलं. बाहेर ऊन रणरणतंय म्हणून त्याने प्रकाश कमी केला, आणि त्यात मी बुडालो. साडूंनी मग माझ्या चेहऱ्यावरून प्रकाश मोजला. त्यात मी उजळलो, पण कृष्णा नदी दुधाची झाली आणि घाट त्यात विरघळला. (मोबाइलवर हेच होतं. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावलं की चेहरा उजळतो आणि मागचं जग वाहून जातं.) एकाच वेळी दोघांनाही न्याय द्यायचा तर अंधारातल्या माणसावर थोडा उजेड परतवावा लागतो. त्यासाठी ताईंकडून पोळ्यांच्या डब्याचं मोठं झाकण मागवण्यात आलं. ताईंनी ते सूर्याकडे वाकडं करून माझ्या तोंडावर कवडसा पाडला. माझे डोळे मिटले. त्या आंधळ्या अवस्थेत मला दोन वेळा "अर्धं पाऊल डावीकडे" ऐकू आलं आणि मी दोन्ही वेळा इमानाने सरकलो. तिसऱ्या फोटोत घाट होता, नदी होती, मी होतो, माझा चेहरा होता. कोल्हापूरकरांनी टाळ्या वाजवल्या आणि मला बाजूला सारून ते घाटावर उतरले.

परतताना धोम धरणाचा फोटो काढायचा होता. पाणी निळंशार, पलीकडे डोंगर, पण साडू ज्या ठिकाणी थांबले तिथे जवळपास एकही झाड नव्हतं. म्हणजे चौकट नव्हती. चौकटीशिवाय फोटो काढणं आता त्यांना टोपीशिवाय लग्नाला गेल्यासारखं वाटतं. रस्त्याकडेला गुलमोहराची एक मोडलेली फांदी पडली होती. ती त्यांनी आमच्या हिच्या हातात दिली.

"वहिनी, कॅमेऱ्याच्या जरा वर धरा. निसर्गतः आल्यासारखी."

ही फांदी धरून उभी राहिली. फांदी खाली आली की धरण झाकलं जाई, वर गेली की चौकट नाहीशी होई. फांदीवर लाल मुंग्या होत्या, त्या हिच्या मनगटापर्यंत आल्या तसा निसर्ग थरथरायला लागला. "भावोजी, झालं का?" हा प्रश्न तिने पहिल्यांदा आदराने विचारला, चौथ्यांदा नाही.

तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. कॅमेरा स्वतःहून सगळ्यात जवळची वस्तू धरतो, हे तेव्हा साडूंना ठाऊक नव्हतं. त्यामुळे गुलमोहराच्या इवल्या इवल्या पानांची शीर न् शीर मोजता येते, आणि धरण म्हणजे मागे सांडलेली निळी शाई. फोकसचा ठिपका लांबच्या विषयावर आपण स्वतः ठेवायचा आणि छिद्र बारीक करायचं, एफ/११ वगैरे, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही स्पष्ट येतं, हे ते पुढच्या रविवारी शिकून आले. पण मुख्य गोष्ट वेगळीच. वरच्या उजव्या कोपऱ्यात चार बोटं आणि तीन हिरव्या बांगड्या आल्या आहेत. नैसर्गिक चौकटीला बांगड्या असलेला हा जगातला एकमेव फोटो असावा. तो पुसून टाका, असं साडूंनी मला तीन वेळा सांगितलं आहे.

माणसाने बांधलेल्या चौकटी संपल्यावर आम्ही देवाच्या चौकटीकडे वळलो. सुईला जिथून दोरा ओवतात ते नेढं. सह्याद्रीत वाऱ्यापावसाने खडक झिजून डोंगराला आरपार भोकं पडली आहेत, त्यांनाही नेढंच म्हणतात. रतनगडावर आहे, राजगडाच्या सुवेळा माचीवर आहे. आमच्या मराठीने डोंगराकडे बघून सुई आठवावी, याचा मला अभिमान आहे. त्या सुईत दोरा म्हणून आपल्याला ओवलं जाईल, हे मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

राजगड ही रायगडाआधीची राजधानी. पाली दरवाजाची वाट त्यातल्या त्यात सोपी म्हणतात. कोण म्हणतात, त्यांना गुडघे नसावेत. सुवेळा माचीच्या वाटेवर नेढ्याखाली पोचलो तेव्हा तिथे रांग होती. खरोखरची रांग, रेशनच्या दुकानासारखी. एकेक तरुण वर चढे, भोकात आडवा बसे, एक गुडघा वाकवे आणि लांब क्षितिजाकडे बघून गहन विचारात पडे. मित्र फोटो काढत. "झाला" असं ओरडल्याबरोबर विचार संपे आणि तो सरपटत खाली येई. पुढचा वर जाई आणि त्याच विचारात पडे.

साडू माझ्याबरोबर वर आले नाहीत. लांबून मोठ्या भिंगाने काढायचा, म्हणजे मागचे डोंगर जवळ ओढल्यासारखे मोठे दिसतात आणि नेढं त्यांना घट्ट धरतं, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरही आहे. म्हणून ते वाटेवर बरेच मागे एका खडकावर बसले आणि मला मोबाइलवरून सूचना देऊ लागले. नेढ्यात वारा असा घुसतो, की आपण बासरीतल्या भोकात बसलोय असं वाटतं. टोपी गेली. चष्मा हाताने धरून ठेवला.

"चष्म्याचा हात काढा! विचारात पडल्यासारखे दिसा!"

त्यासाठी मला अभिनय करावा लागला नाही. उतरायचं कसं, हाच विचार चालू होता.

"आता अर्धं पाऊल डावीकडे."

"माझ्या की तुमच्या?" मी वाऱ्यात ओरडलो. हे स्पष्ट करून घेणं गरजेचं होतं. त्या दोन डाव्या बाजूंपैकी एकीकडे दरी होती.

फोन कट झाला. मी दोन्हीकडे सरकलो नाही. मागच्या रांगेतला एक मुलगा वर येऊन म्हणाला, "काका, झालं असेल तर हात द्या." माझ्या आयुष्यात एवढं गोड वाक्य कुणी म्हटलेलं नाही.

रात्री पद्मावती माचीवर पिठलं-भाकरी खाताना साडूंनी मला आँरी कार्तिए-ब्रेसाँची गोष्ट सांगितली. हा फ्रान्सचा थोर छायाचित्रकार. भारतात आला होता, गांधीजींच्या हत्येच्या काही वेळ आधी त्याने त्यांचे फोटो काढले होते. तर १९३२ साली पॅरिसमध्ये सँ-लाझार रेल्वे स्थानकाच्या मागे लाकडी फळ्यांचं कुंपण होतं. फळ्यांच्या फटीला कॅमेरा लावून याने पलीकडे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा एक माणूस टिपला. पाय पाण्याला लागायच्या आधीचा तो निमिष. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या फोटोंपैकी एक.

"बघा," साडू म्हणाले, "कुंपणाच्या फटीतून! चौकट!"

"मग फोटोत फळ्या दिसतात?"

साडूंनी भाकरीचा तुकडा मोडला. "नाही. डाव्या बाजूला फळी आली होती. ती त्याने नंतर कापून टाकली."

"म्हणजे तुमच्या गुरुजींना चौकट सापडली आणि त्यांनी ती फेकून दिली?"

"एरवी तो फोटोची कड कधीच कापू देत नसे. हा अपवाद," असं म्हणून साडूंनी पिठलं वाढून घेतलं आणि विषय बदलला.

घरी आल्यावरही थोडे दिवस हा प्रकार चालला. खिडकीच्या ग्रिलमधून काढलेल्या फोटोत माझा पुतण्या जामीन न मिळालेल्या आरोपीसारखा दिसतो. भांड्यांच्या मांडणीतून ताईंचा काढला, त्यात त्यांच्या डोक्यावर मिसळणाचा डबा आहे. वॉशिंग मशीनच्या ड्रममधून काढायचा बेत ताईंनी मोडला. मशीन चालू करीन, असं त्या म्हणाल्या.

मग मेणवलीचा तो तिसरा फोटो साडूंनी मोठा छापून घेतला. चोवीस बाय छत्तीस इंच. अप्रतिम आहे, यात वाद नाही. आतला अंधार, दाराची जाड चौकट, पलीकडे घाटावर पडलेलं ऊन. मी अर्ध्या अर्ध्या पावलाने सरकत सरकत पार डाव्या कडेला जाऊन पोचलो होतो, दाराच्या खांबाला चिकटून. पण होतो. चेहऱ्यावर डब्याच्या झाकणाचा कवडसाही होता.

तो फोटो ते फ्रेमवाल्याकडे घेऊन गेले. आठवडाभराने ताईंकडे जेवायला बोलावणं आलं. दिवाणखान्यात सोफ्यावर तो भिंतीला टेकवून ठेवला होता. शिसवी रंगाची फ्रेम, आत चहूबाजूंनी बदामी माउंट, काच. मी जवळ जाऊन बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"मी कुठे आहे?"

"माउंट देताना चारी बाजूंनी दीड दीड इंच आत जातं," साडू म्हणाले. "फ्रेमवाल्याने विचारलं होतं. पण असं बघा, फ्लेक्सही गेला."

"फ्लेक्स झाकायलाच तर मी उभा होतो ना?"

"कार्तिए-ब्रेसाँनेसुद्धा डावी बाजूच कापली होती," साडू म्हणाले.

आमच्या हिने फोटो खूप वेळ बघितला आणि म्हणाली, "छान आलाय. मोकळा वाटतो." मग भिंतीत खिळा ठोकायचा होता. साडूंना हातोडी धरता येत नाही, म्हणून तो मी ठोकला. साडू मागे उभे राहून दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जन्यांची चौकट करून बघत होते. "थोडा डावीकडे," ते म्हणाले. तुम्ही कधी त्यांच्याकडे गेलात तर डाव्या कडेला, माउंटला लागून, दाराच्या खांबावर काळसर काहीतरी टेकलेलं दिसेल. लोकांना ती कडी वाटते. ते माझं कोपर आहे.